काळी करायची राहिलेली ओळ

नोकरीची शेवटची बारा वर्षं मी लोकांची नावं काळी करत होते. घाबरू नका, कोणाची बदनामी करत नव्हते. हातात जाडा काळा मार्कर, लोखंडी पट्टी आणि समोर शपथपत्र, एवढीच माझी हत्यारं. नाव दिसलं की काळं, पत्ता दिसला की काळं. या कामात माझा हात धरणारं अंधेरी ते बोरिवली कोणी नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे. आता सांगत नाही. का, तेच लिहायला बसले आहे.

आमचं ऑफिस अंधेरीला, एका फरसाणवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. तिथे वकील प्रधानसाहेब आणि मी, कुंदा. मी राहते मुलुंडला. पगारपत्रकावर माझा हुद्दा हेडक्लार्क होता. ऑफिसात क्लार्क मी एकटीच, तेव्हा हेड कोणावर ते विचारू नका. प्रधानसाहेबांना आयुष्यभर एकच खोड, लहान माणसाची मोठ्याविरुद्धची केस आली की घ्यायचीच. त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारून घेतला आणि मी फायली लावून घेतल्या.

अशातच उपनगरांतल्या छोट्या विक्रेत्यांची एक संघटना आमच्याकडे आली. तक्रार होती एका भल्यामोठ्या ऑनलाइन कंपनीविरुद्ध. कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे, आणि नाव न लिहिण्याची सवय हाडात मुरली आहे.

तक्रार काय, ते माझ्या भाषेत सांगते. समजा एक मोठी मंडई आहे आणि तिचा मालक एकच आहे. तुम्ही तिथे गाळा घेऊन भांडी विकता. कोणतं भांडं कोणत्या महिन्यात खपतं, गिऱ्हाईक कोणती किंमत बघून मागे फिरतं, हे सगळं मालक तुमच्या पाठीमागे उभा राहून बघतो. इथवर ठीक. मग एक दिवस तोच मालक मंडईच्या दारात स्वतःचा गाळा टाकतो, त्यात डिट्टो तुमच्यासारखंच भांडं ठेवतो, आणि तुमचा गाळा उचलून मागच्या बोळात नेऊन टाकतो. वर दम देतो की बाहेर कुठे स्वस्तात विकलंत तर याद राखा. कुंपणानंच शेत खायला घेतलं तर दाद कोणाकडे मागायची? त्यासाठी दिल्लीला आयोग आहे. कोणी मोठं असण्याला कायद्याची हरकत नाही. मोठेपणाच्या जोरावर लहानांना बाजारातून हुसकावण्याला आहे.

पण आयोगाला साक्षीदार लागतात, आणि तिथेच घोडं पेंड खायचं. चहा पिताना सगळे कंपनीला शिव्या घालणार, आणि सहीचा कागद पुढे केला की सगळ्यांना एकदम लघवीला लागणार. त्यांचंही खरं होतं म्हणा. ज्या कंपनीविरुद्ध बोलायचं, तिच्याच साइटवर त्यांचं पोट. साइटवर प्रत्येक मालाचं एक पान असतं. ते पान कंपनीनं बंद केलं की दुकानाला कुलूप.

घाटकोपरचे मेहताभाई इमिटेशन दागिन्यांचे व्यापारी. ते दर आठवड्याला यायचे आणि येताना खाली फरसाणवाल्याकडून पापडी घेऊन यायचे. म्हणायचे, "कुंदाबेन, सब लिखो. एकदम कडक लिखो. सही मेरा साला करेगा."

"मेहताभाई, तुमच्या साल्याचा या धंद्याशी काय संबंध?"

"कुछ नहीं. इसीलिए तो!"

अशा लोकांसाठीच माझा मार्कर होता. शपथपत्राच्या दोन प्रती करायच्या. एक पूर्ण, ती फक्त आयोग बघणार. दुसरी काळी, ती कंपनीच्या वकिलांना जाणार. साक्षीदार कोण हे जिच्यावरून ओळखू येईल अशी प्रत्येक गोष्ट तिच्यात काळी करायची. कोणती करायची ते आम्हीच ठरवायचं. बऱ्याच ऑफिसांत कॉम्प्युटरवरच काळे चौकोन टाकतात. तो चौकोन सरकवला की खालचं नाव हसत बाहेर येतं, बघितलंय मी! म्हणून मी आधी कागद छापायचे, हातानं काळा करायचे, उजेडात धरून बघायचे, मग त्याची झेरॉक्स काढायचे आणि ती झेरॉक्सच पाठवायचे. प्रधानसाहेब म्हणायचे, "कुंदाताई, तुमच्या काळ्या पट्टीखालून ब्रह्मदेवालासुद्धा वाचता यायचं नाही." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

प्रकाश तायडे आले ते जून महिन्यात. बरोबर त्यांची बायको, सुजाता. मूळचे अकोल्याकडचे, पंचवीस वर्षं चारकोपला राहिलेले. कारखाना बंद पडून नोकरी गेलेला हा फिटर माणूस. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा घेऊन पोळपाट बनवायचा. तुम्ही म्हणाल, पोळपाटात काय बनवायचं? तर त्यांचा पोळपाट ओट्यावरून सरकायचा नाही. खाली रबराची कडी बसवलेली होती, आणि ती अशी की धुवायला निघते, परत बसते. वस्तीतल्या सहा बायकांना त्या गाळ्यात काम होतं. साइटवर तो पोळपाट पहिल्या पानावर झळकायचा.

मग कंपनीनं स्वतःच्या ब्रँडचा पोळपाट आणला. तोच आकार आणि तशीच निघणारी कडी. तायड्यांचा माल ढकलत ढकलत पार मागच्या पानांवर गेला, जिथे कोणी बघतसुद्धा नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

सुजातानं पिशवीतून दोन्ही पोळपाट काढून माझ्या टेबलावर उपडे घातले. दोन्हींची कडी पोपटी हिरवी. म्हणाली, "ताई, आमच्या शेजारी चपला बनवायचा गाळा आहे. त्यांचं उरलेलं रबर आम्हाला स्वस्तात मिळतं, ते हिरवं असतं, म्हणून आमची कडी हिरवी. यांना काय झालं होतं हो हिरवी घालायला?"

प्रधानसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. इतका झकास पुरावा त्यांनी वर्षानुवर्षं बघितला नव्हता.

तायडे मात्र सारखे एकच विचारत होते. "मॅडम, नाव जाणार नाही ना? दिवाळीचा माल आत्तापासून करायला घेतलाय. आता पान बंद झालं तर सहा घरांची चूल माझ्यामुळे विझेल."

मी म्हटलं, "तायडे, माझ्यावर सोडा. माझ्या हातून आजवर एक अक्षर निसटलेलं नाही."

जबानी मी मराठीत घ्यायचे, वाचून दाखवायचे आणि मग इंग्रजीत उतरवायचे. वाचून दाखवताना तायड्यांनी थांबवलं. एक गोष्ट राहिली म्हणाले. सहा डिसेंबरला त्यांचं काम बंद असतं. सगळं कुटुंब आणि त्या सहाही जणी आदल्या रात्रीच शिवाजी पार्कला जातात आणि चैत्यभूमीला येणाऱ्या लोकांना पाणी वाटतात. आधीच्या डिसेंबरात साइटवर त्यांनी आगाऊ सुट्टी टाकली होती. तरी त्या दिवशीच्या ऑर्डरी आल्या, उशीर धरला गेला आणि पानावरचा भरवशाचा शिक्का काढून घेतला. अर्जाला उत्तर आलं तेही मशीनचं.

"हे लिहाच ताई," सुजाता म्हणाली. "आम्ही आळशी म्हणून उशीर नाही झाला. कोणाला तरी कळू दे."

मी लिहिलं. चांगली ओळ होती. त्या कोरड्या कागदात माणूस दिसत होता.

दोन दिवसांनी मी काळी प्रत करायला बसले. तायड्यांचं नाव, चारकोप, अकोला, पोळपाट, हिरवं रबर, सहा बायका, सगळं काळं. त्या ओळीत 'शिवाजी पार्क' काळं केलं, 'पाणी वाटतो' काळं केलं. 'सहा डिसेंबरला आमचं काम बंद असतं', एवढं तसंच ठेवलं. मनात आलंसुद्धा नाही की ही तारीख म्हणजे नाव आहे.

आणि आता खरी लाज वाटते ती गोष्ट. त्याच दिवशी, त्याच टेबलावर दुसरं एक शपथपत्र होतं. आमच्याच कॉलनीतल्या साठेबाईंचं. मेतकूट आणि भाजणी विकतात. त्यात वाक्य होतं, 'गौरी-गणपतीत पाच दिवस आमचं दळण बंद असतं.' ते वाक्य मी बघताक्षणी काळं केलं. म्हटलं, यावरून कोणीही ओळखेल! आमच्या घरी गौरी बसतात ना. ते मला दिसलं. सहा डिसेंबर मला कॅलेंडरवरची एक तारीख वाटली.

ऑगस्टमध्ये कंपनीचं उत्तर आलं. शंभरेक पानांचं, गुळगुळीत कागदावर. मी नेहमीप्रमाणे नाकावर चष्मा ठेवून वाचत होते. मध्येच एक वाक्य आलं. सहा डिसेंबरच्या उशिराबद्दल सदर विक्रेत्याला त्याच वेळी कळवण्यात आलं होतं, अशा अर्थाचं.

सदर विक्रेत्याला! कोणत्या सदर विक्रेत्याला? नाव तर काळं होतं. मी आमची काळी प्रत काढून बघितली, सहा डिसेंबर तिच्यात तसाच. त्यांनी काय केलं ते लहान पोरालाही कळलं असतं. ज्यांच्या मालाची नक्कल केली त्या विक्रेत्यांत सहा डिसेंबरची सुट्टी कोणी टाकली होती, एवढंच त्यांच्या मशीनला विचारलं असणार. एकच जण निघाला असणार.

तेवढ्यात प्रधानसाहेब आतून आले. हातात फोन, चेहरा उतरलेला. "कुंदाताई, तायड्यांचा फोन होता. त्यांचं पान बंद झालंय. पडताळणी चालू आहे, एवढंच दिसतंय. गेल्या गुरुवारपासून."

काळी प्रत आयोगातून फिरत फिरत कंपनीच्या वकिलांना पोचली होती त्याच आठवड्यात, सोमवारी. मी ते उत्तर साहेबांसमोर धरलं आणि बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "वाट लागली." मग खिडकीपर्यंत गेले आणि वळले. "पण ऐका. त्यांनी ओळखलं, हे त्यांनीच लिहून दिलंय. साक्ष दिली म्हणून पान बंद केलं, असं आपण आयोगाला सांगू शकतो. फक्त तायड्यांनी उघडपणे पुढे यायला हवं. नाव लावून."

"मी जाते त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"फोन करा ना."

"नाही साहेब. हे फोनवर सांगायचं नाही."

कांदिवलीहून रिक्षानं चारकोपला गेले. गाळ्यात पोळपाटांची चळत छतापर्यंत लागलेली. दिवाळीसाठी आधीच करून ठेवलेला माल. सहा बायका भिंतीला टेकून बसलेल्या, हात रिकामे. त्यांतल्या एकीनं मला पाणी आणून दिलं. ते मी तसंच बाजूला ठेवलं.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. साठेबाईंची ओळ काळी केली, तुमची केली नाही, हेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती, ते त्यांना कधीच कळलं नसतं. पण आता एवढं लपवून झालं होतं आयुष्यात, आणखी एक नको वाटलं.

सुजाता ताडकन उठली. "तुम्ही म्हणाला होतात ना, माझ्यावर सोडा म्हणून? तुमचा सण तुम्हाला दिसला ताई. आमचा दिवस नाही दिसला."

"नाही दिसला," मी म्हटलं. "चुकलं माझं."

दुसरं काय म्हणणार? वयानं तिच्या आईएवढी मी, तिच्यासमोर मान खाली घालून उभी. शेजारच्या चपलांच्या गाळ्यातलं मशीन तेवढं खटखट करत होतं.

तायडे हातात हिरवी कडी घेऊन ती ताणत बसले होते. ती बाजूला ठेवून म्हणाले, "मॅडम, त्यांना माझं नाव कळलं. तुम्हाला माहीत, साहेबांना माहीत. मग ते नाव आता लपवायचं कोणापासून? बैल गेला आणि झोपा केला, तसलं काम आहे हे. पट्टी काढा."

"तायडे, विचार करा. पान परत सुरू होईलच असं नाही. उद्या दुसऱ्या साइटवालेही तुम्हाला उभं करणार नाहीत."

"केला विचार. गुरुवारपासून दुसरं काय करतोय? एकच सांगतो. ती ओळ आता पूर्ण लिहा. शिवाजी पार्क, पाणी, सगळं. अर्धी ठेवलीत म्हणून ती चोरासारखी सापडली."

सुजाता माझ्याशी त्या दिवशी पुन्हा बोलली नाही. पण निघताना दारापर्यंत आली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "स्टेशनला नीट सोड रे यांना."

नवं शपथपत्र मी तीन वेळा टाइप केलं. चुका नव्हत्या, तरी. वाचून दाखवताना त्या ओळीशी आले आणि कागद तायड्यांपुढे सरकवला. त्यांनीच ती ओळ वाचली आणि सही केली.

सुनावणी आमच्या ऑफिसातूनच झाली, व्हिडिओवर. स्क्रीनवर कंपनीचे पाच वकील, इकडे प्रधानसाहेब, तायडे आणि पंख्याची घरघर. कंपनीचे वकील म्हणाले, पान बंद होणं ही नेहमीची पडताळणी आहे, त्याचा या तक्रारीशी संबंध नाही. प्रधानसाहेबांनी शांतपणे दोन तारखा वाचल्या, सोमवारची आणि गुरुवारची. मग ते वाक्य वाचलं आणि विचारलं, हा सदर विक्रेता कोण, हे आम्ही तर सांगितलं नव्हतं, तुम्हाला कसं कळलं? पाचही वकील आपापल्या कागदांत बघायला लागले.

आयोगाच्या सदस्यांनी विचारलं, विक्रेता हजर आहे का? तायडे कॅमेऱ्याच्या इतके जवळ गेले की स्क्रीनवर नुसतं कपाळच दिसलं असणार. म्हणाले, "साहब, वो सदर विक्रेता मैं हूँ. प्रकाश तायडे. चारकोप." मी मागे बसून पदरानं डोळे पुसले. ऑफिसात इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता सगळं गोड झालं असं वाटेल, तर तसं नाही. आदेश आमच्या बाजूनं आला. चौकशी संपेपर्यंत पान चालू ठेवा, साक्ष दिली म्हणून कोणाही विक्रेत्याला त्रास देऊ नका. पण तो हातात पडून पान उघडेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. साठेबाईंनी मुलुंडच्या प्रदर्शनात भाजणीशेजारी ते पोळपाट मांडले, संघटनेतल्या इतरांनीही थोडेथोडे उचलले, तरी बरीच चळत तशीच राहिली. सहांतल्या दोघी दुसरीकडे कामाला लागल्या. त्या परत आल्या नाहीत. ते माझ्या खात्यावर आहे. ते कोणताही आदेश पुसणार नाही.

चांगलं झालं तेही सांगते. तायड्यांचं नाव उघड झाल्यावर साठेबाई आल्या आणि म्हणाल्या, "कुंदे, माझीही पट्टी काढ. तो पोळपाटवाला उभा राहिला आणि मी काय तोंड लपवून बसू?" त्यांच्यामागून आणखी काही आले. मेहताभाईसुद्धा आले. सही साल्याचीच, पण या वेळी साल्याला घेऊन आले आणि त्याच्या खाली साक्षीदार म्हणून स्वतः सही केली. माणूस जिथून सुरुवात करतो तिथून त्याला मोजावं.

आणखी एक झालं. विक्रेत्यांनी आगाऊ जाहीर केलेल्या बंदच्या दिवसांचा उशीर धरणार नाही आणि तो दिवस त्यांच्या पानावर दाखवू, असं कंपनीनं आयोगाला लिहून दिलं. मोठ्या मुद्द्यांची, म्हणजे नक्कल करण्याची आणि मागे ढकलण्याची चौकशी चालूच आहे. प्रधानसाहेब अजून लढताहेत. मी मार्चमध्ये निवृत्त झाले. मार्कर नव्या मुलीला दिला आणि तिला एकच सांगितलं. काळी प्रत करशील तेव्हा साक्षीदाराला शेजारी बसव आणि विचार, यातलं तुमचं काय आहे. आपल्याला वाटतं आपल्याला दिसतं. दिसत नाही.

निवृत्तीच्या आधीचा डिसेंबर. पाच तारखेला संध्याकाळी मी साइट उघडली. भाचीचं लग्न ठरलं होतं, पोळपाट हवाच होता. पण तेवढ्यासाठी नाही, मुद्दाम त्याच दिवशी उघडली. कागदावर लिहून देणं वेगळं आणि करणं वेगळं, हे इतक्या वर्षांत कळलं होतं. पोपटी कडीचा पोळपाट शोधला. दुसऱ्याच पानावर सापडला, खाली तायड्यांच्या गाळ्याचं नाव. पैसे भरायच्या आधी स्क्रीनवर एक चौकट आली. कंपनीची चौकट, कंपनीच्याच अक्षरांत.

'सहा डिसेंबरला या विक्रेत्याचं काम बंद असतं. आपली वस्तू सात तारखेला निघेल.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग खालचं 'थांबायला तयार आहे' हे बटण दाबलं.